सड्यावरची इवलीशी पखाल

राजापूरहून समुद्राच्या दिशेने निघालेल्या कोणत्याही रस्त्यावर चढण संपली की झाडी एकदम मागे पडते. आंबा, फणस, काजू, साग सगळे उताराला राहतात आणि समोर काळपट तांबड्या कातळाचे सपाट मैदान उघडे होते. मधेच एखादा चिऱ्यांचा गडगा, लांबवर चरणारी गुरे आणि वर मोकळे आभाळ. कोकणात याला सडा म्हणतात. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून, पुण्याहून गावी येणाऱ्या आपल्या मंडळींना सडा ठाऊक असतो तो पाय भाजणारी जागा म्हणून. दुपारी तिथे सावली नाही, पाणी नाही, बसायला जागा नाही. गाडीची काच वर करून लोक पुढे निघून जातात.

हाच सडा ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये पाहावा. कातळावर बोटभर पाणी साचलेले असते. त्या पाण्याच्या कडेने हिरवी साय धरलेली असते आणि त्या हिरव्यावर निळसर जांभळा रंग सांडलेला दिसतो. लांबून वाटते, कोणी रंगाची पुडी उधळली असावी. जवळ जाऊन उकिडवे बसले की कळते, ही फुले आहेत. इतकी लहान की एक रुपयाच्या नाण्याखाली एखादे फूल सहज झाकले जाईल. मराठीत यांना सीतेची आसवे म्हणतात. आम्ही गेली काही वर्षे मुलांना घेऊन खास ही फुले पाहायला पावसाळ्यात गावी जातो. ती कशी ओळखायची आणि ओळखून काय साधते, हे आपल्या वाचकांना सांगावे म्हणून हा लेख.

कातळावरचे चार महिने

आधी सडा समजून घेऊ. हा कातळ म्हणजे जांभा. हजारो-लाखो वर्षे पाऊस आणि ऊन यांच्या माऱ्याने मूळ खडकातले विरघळणारे घटक वाहून गेले आणि लोखंड व ॲल्युमिनियमचे घटक मागे राहिले. म्हणून त्याचा रंग तांबडा, आणि अंगभर भोके. स्कॉटिश सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानन याने 1807 साली केरळातल्या अंगाडीपुरमच्या अशाच दगडाला लॅटेराइट हे नाव दिले. लॅटिन भाषेत त्या शब्दाचे मूळ विटेशी जोडलेले आहे. त्याने पाहिले होते की लोक हा दगड विटांसारखा कापून घरे बांधतात. आपण त्याच कापलेल्या दगडाला चिरा म्हणतो. आपली जुनी घरे चिऱ्यांची, विहिरी चिऱ्यांच्या, मशिदींच्या भिंती चिऱ्यांच्या आणि कबरस्तानाचे गडगेही चिऱ्यांचेच.

सड्यावर माती फार थोडी. कुठे दोन बोटे, कुठे खळग्यात वीतभर. जून ते सप्टेंबर तिथे पाणीच पाणी, आणि डिसेंबर उजाडला की तोच कातळ तव्यासारखा तापू लागतो. एवढ्याशा मातीत मोठे झाड कसे तग धरणार? म्हणून इथल्या अनेक झाडांनी दुसरा मार्ग धरला आहे. ती वर्षायू आहेत. पहिल्या पावसात बी रुजते, पुढच्या काही आठवड्यांत पाने येतात, फुले येतात, बी धरते आणि कातळ सुकायच्या आत झाड संपून जाते. उन्हाळ्याचे आठ महिने ते झाड फक्त बी म्हणून जगते.

आपले सण चंद्राच्या हिशेबाने चालतात. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. कधी ती उन्हाळ्यात येते, कधी थंडीत. या फुलांचा हिशेब मात्र पावसाशी बांधलेला. पाऊस उशिरा आला तर ती उशिरा येतात, लवकर आटोपला तर लवकर जातात. म्हणून अमुक तारखेला या, असे आम्ही सांगणार नाही. सड्यावरच्या डबक्यांत पाणी आहे आणि अधूनमधून ऊनही पडते आहे, असे गावाकडून फोनवर कळले की निघावे.

ओळख कशी पटवावी

रानफूल ओळखताना लोक आधी रंग पाहतात. पण रंगावर विसंबू नये. या फुलांत निळा, जांभळा, गुलाबीसर, पांढरा आणि पिवळासुद्धा रंग आढळतो, कारण सीतेची आसवे या नावाखाली एकाच कुळातल्या अनेक जाती येतात. शास्त्रज्ञ या गटाला उट्रिक्युलारिया म्हणतात. जगभरात त्याच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि भारतात तिसाहून अधिक. आम्ही मुलांना रंगाऐवजी पाच खुणा शिकवल्या आहेत.

पहिली खूण जागा. पाय ओला होईल अशीच जागा पाहावी. डबक्याचा काठ, झिरपणारे पाणी, ओली शेवाळी माती किंवा भाताच्या खाचराचा बांध. कोरड्या उंचवट्यावर ही फुले शोधण्यात अर्थ नाही.

दुसरी खूण दांडा. शिवणाच्या दोऱ्याएवढा बारीक, सरळ उभा, बोटभर ते वीतभर उंच. त्यावर पाने नाहीत. मातीतून थेट दांडा आला आणि त्याच्या वरच्या भागात एकाआड एक फुले लागली, असे दिसते. खाली जमिनीलगत बारीक पाती असतात, पण फुले येईपर्यंत ती पुष्कळदा गळून गेलेली असतात. पान न दिसणारे फूल, ही मोठी खूण आहे.

तिसरी खूण दोन ओठ. फुलाच्या वेगवेगळ्या पाकळ्या मोजता येत नाहीत. वर एक लहान ओठ आणि खाली एक मोठा, पसरट ओठ, पदराच्या घोळासारखा. खालच्या ओठाच्या मुळाशी एक फुगीर उंचवटा असतो आणि त्यावर पांढरा किंवा पिवळा डाग. काही जातींत त्या उंचवट्यावर जाळीसारख्या रेषा असतात; भातखाचरात दुसऱ्या काड्यांना वेढे घालत चढणारी जी जात सापडते, तिचे शास्त्रीय नाव रेटिक्युलाटा या जाळीवरूनच पडले आहे.

चौथी खूण शिंग. फुलाकडे समोरून पाहू नका, बाजूने पाहा. खालच्या ओठाच्या मागून एक टोकदार शिंग खाली उतरलेले दिसेल. त्यात मध असतो.

पाचवी खूण फुलाला खालून धरणारी हिरवी वाटी. बहुतेक फुलांत ती पाच पाकळ्यांची असते. इथे दोनच पाकळ्या, हाताच्या दोन ओंजळींसारख्या. फूल गळाले की याच दोन पाकळ्या वाढून बोंडाला झाकून घेतात.

पाचपैकी तीन खुणा पटल्या तरी ओळख बहुतेक पक्की. तरी सड्यावर काही फुले चकवतात. केणा तुम्हाला ठाऊक असेल. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. केण्याचे फूलही निळे, पण ते होडीसारख्या दुमडलेल्या पानातून बाहेर येते, आणि झाडावर रुंद पाने स्पष्ट दिसतात. तेरड्याच्या फुलालाही मागे शिंग असते. पण तेरड्याचा दांडा जाड, रसाळ आणि पाने करवतीच्या काठाची. कवला पिवळा असतो, त्यावर दोन लाल ठिपके. मुले त्याला मिकी माउस म्हणून ओळखतात. त्याचे फूल वाटाण्याच्या फुलासारखे आणि पाने चिंचेच्या पानांसारखी जोडीजोडीने. आणि आसवांच्या मधे मधे पांढऱ्या गुंड्या टाचलेल्या दिसतात ते गेंद. गेंद दिसला की आसवे जवळपास असणार, असे धरून चालावे. दोघांना एकच ओली जमीन लागते.

मातीखालची पखाल

इतके नाजूक फूल, आणि ते शिकार करते. हे सांगितले तेव्हा आमच्या मुलांना आम्ही गंमत करतोय असे वाटले.

सड्यावरची माती पावसाने धुऊन निघालेली असते. झाडाला हवा तो नत्र तिथे फारसा उरत नाही. या झाडाला खरी मुळेही नाहीत. दोऱ्यासारखे बारीक तंतू तेवढे ओल्या मातीत पसरलेले असतात, आणि त्या तंतूंवर खसखशीच्या दाण्याएवढ्या, कधी त्याहूनही लहान पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीला एक दार. पिशवी आतले पाणी हळूहळू बाहेर टाकते, त्यामुळे तिच्या भिंती आत खेचल्या जातात. दाराजवळच्या केसांना एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार आत उघडते, पिशवी फुगते, पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो आणि दार मिटते. पाण्यात वाढणाऱ्या जातींवर वेगवान कॅमेरे लावून शास्त्रज्ञांनी हे मोजले. आत ओढण्याचा प्रकार एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात उरकतो. वनस्पतींच्या जगात इतकी वेगवान हालचाल क्वचितच सापडते. चार्ल्स डार्विनने 1875 साली कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याला वाटले होते की जीव स्वतःच डोक्याने दार ढकलून आत शिरतो. पिशवी त्याला ओढून घेते, हे पुढे कळले.

उट्रिक्युलारिया या नावाचा अर्थ आम्ही शोधला तेव्हा फार आनंद झाला. लॅटिनमधल्या त्या मूळ शब्दाचा अर्थ चामड्याची लहान पिशवी. म्हणजे आपली मशक, पखाल! ज्या शहरांत नळ नव्हते तिथे भिश्ती पाठीवर पखाल घेऊन घरोघर पाणी घालत, दर्ग्यांच्या उरुसात आणि मोहरमच्या दिवसांत तहानलेल्यांना पाणी पाजत. आपल्या कित्येक घरांचे आडनावही पखाली किंवा भिश्ती आहे. ज्या घरात पखाल पिढ्यान्‌पिढ्या खांद्यावर वाहिली गेली, त्या घरातल्या मुलाला या झाडाचे शास्त्रीय नाव पाठ करायला कष्ट पडू नयेत.

मराठी नाव आपल्या शेजारच्या घरातून आले आहे. वनवासातल्या सीतेचे अश्रू जिथे पडले तिथे ही फुले उमलली, अशी लोकांची समजूत. गुरे राखणारी मुले, मग ती मोहल्ल्यातली असोत की वाडीतली, याच नावाने फूल ओळखतात. आम्हीही तेच नाव वापरतो. पाण्याच्या थेंबाएवढे, ओल्या जागी उगवणारे आणि लवकर सुकणारे हे फूल; याहून नेमके नाव सुचणे कठीण.

रिकामा म्हणून नोंदलेला सडा

सातारच्या कास पठारावर सप्टेंबरात याच कुळातल्या फुलांचे जांभळे गालिचे पसरतात. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना जागतिक वारसा ठरवले, त्यांत कास आहे. लोक दूरदूरहून तिथे जातात. कास समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास उंच आहे. कोकणातले सडे त्या मानाने बुटके, बहुतेक शे-दोनशे मीटर उंचीचे. पण दगड तोच जांभा, आणि माती, पाऊस, फुले यांचे नातेही तेच. फरक एवढाच की इथे तिकीट नाही आणि पाहणाराही नाही. याच सड्यांवर फार प्राचीन माणसांनी कोरलेली कातळशिल्पे आहेत. मासे, हत्ती, माणसे, नक्ष्या. 2022 साली त्यांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला, तेव्हा बऱ्याच गावकऱ्यांना आपल्या सड्याकडे पुन्हा पाहावेसे वाटले.

सातबाऱ्यावर मात्र अशा जमिनीपुढे पोटखराब असा शेरा असतो. पीक येत नाही ती जमीन खराब. महसुलाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण हा शब्द पुढे घरात येतो, आणि मग आपणच म्हणू लागतो की तिथे काहीच नाही.

अम्मीच्या माहेरची अशीच एक सड्याची जमीन आहे. शरीयतप्रमाणे बहिणींचाही हिस्सा, त्यामुळे सातबाऱ्यावर नावांची लांबलचक रांग. कोणी मुंब्र्याला, कोणी कुवेतला, कोणी गावात. दोन वर्षांपूर्वी चिरेखाणीसाठी कोणीतरी चौकशी केली. रक्कम बरी होती. एका घरात मुलीचे लग्न, दुसऱ्या घरात दवाखान्याचा खर्च. मोठे मामू म्हणाले, “तिथे गवत पण धड येत नाही. दगड विकला तर निदान कोणाच्या तरी कामाला येईल.” त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आमचे स्वतःचे घरही कोणाच्या तरी सड्यातून निघालेल्या चिऱ्यांनीच उभे आहे.

त्या ऑगस्टमध्ये असरच्या नमाजनंतर आम्ही मामूंना सड्यावर घेऊन गेलो. थोरली मुलगी पाण्याच्या कडेला बसली आणि त्यांना म्हणाली, “मामू नाना, इथे बसा. समोरून नको, बाजूने पाहा.” गुडघे धरत मामू बसले. तिने शाळेच्या भिंगातून त्यांना ते शिंग दाखवले, मग गेंद, मग गवती दवबिंदू, जो पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडतो. मामू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लहानपणी आम्ही इथे गुरे सोडायचो. हे सगळे पायाखालून गेले असणार.” उतरताना त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. सड्याच्या पायथ्याला त्यांची विहीर आहे, ती मार्चपर्यंत पाणी देते. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्याच्या भोकांतून झिरपत खाली उतरतो आणि पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना मिळतो, हे जुन्या लोकांना माहीत असते. खाण झाल्यावर त्या विहिरीचे काय, हा प्रश्न त्या संध्याकाळी पहिल्यांदा निघाला.

व्यवहार अजून ठरलेला नाही. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या व्हायच्या आहेत, गरजाही आहेतच. पण बोलण्यात एक फरक पडला आहे. आधी फोनवर “सडा देऊन टाकू” असे बोलणे व्हायचे. आता कुवेतहून खालाचा मुलगा विचारतो, “पाण्याचा भाग सोडून कुठला तुकडा?” जी जागा रिकामी होती, तिचे आता भाग पडले आहेत. डबक्यांचा भाग, फुलांचा भाग, विहिरीच्या वरचा भाग. एक इवलेसे फूल ओळखता आल्याने एवढे झाले.

कलमांच्या बागेचेही असेच. कातळात सुरुंगाने खड्डे करून, दुसरीकडची माती आणून हापूस लावतात, आणि कित्येक कुटुंबांचे त्यावर पोट चालते. आम्ही कोणालाही बाग लावू नका म्हणणार नाही. पाणी साचणारे खळगे आणि त्यांच्या भोवतालची पातळ माती तेवढी वगळावी, एवढेच सुचवतो.

पाहायला जाल तेव्हा

मुलांना घेऊन जरूर जा. सकाळी ऊन वर आल्यावर फुले छान दिसतात. पायात बंद बूट असू द्या आणि भेगांत, दगडांखाली हात घालू देऊ नका. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर फुरसे असते आणि जांभ्याच्या रंगात ते मिसळून जाते. ओल्या कातळावर पाय घसरतो, म्हणून घाई नको. शक्यतो गुरांच्या पायवाटेने चाला. सड्यावर गाडी घालू नका. एका चाकाखाली शेकडो झाडे जातात. फूल तोडून घरी आणण्यात काही हाशील नाही, वाटेतच कोमेजते. फोटोत मोजमाप यावे म्हणून शेजारी एक नाणे ठेवा आणि एक फोटो समोरून, एक बाजूने काढा. मुलांना पाच खुणा एका कागदावर लिहून द्या आणि त्यांनाच शोधू द्या. आजी-नानींना विचारून सड्याच्या कोणत्या भागाला काय म्हणतात तेही लिहून घ्या. प्रत्येक खळग्याला, प्रत्येक कोंडीला गावात नाव असते.

ऑक्टोबरच्या अखेरीस गेलात तर फुले संपलेली असतील. तरीही खाली वाकून पाहा. दोन सुकट पाकळ्यांच्या ओंजळीत एक बोंड असेल आणि त्यात धुळीसारखे बी. बारमाही झाड तोडले तर मुळातून पुन्हा फुटते. याला मूळही नाही आणि खोडही नाही. पुढच्या वर्षीचे सारे फूल त्या चिमूटभर बियांत आणि बी धरून ठेवणाऱ्या दोन बोटे मातीत असते. ती माती जागेवर राहिली तर मृगाचा पाऊस पडल्यावर बाकीचे काम कुदरत करते. आपल्याला फक्त ती माती कुठे आहे, हे ठाऊक हवे.